शेवटच्या चालीचे गणित मांडणारा माणूस

दोंडाईचा : आखाजी आली, की खान्देशात झाडांना झोके बांधले जातात, माहेरवाशिणींची गाणी रंगतात आणि ओट्या-ओट्यांवर पत्त्यांचे डाव पडतात. दोंडाईचा परिसरही त्याला अपवाद नाही. तीन पत्तीत एकेक जण पॅक होत जातो आणि अखेर दोघेच उरतात. खरी कसोटी तेथून सुरू होते. चाल करावी, शो मागावा, की पाने टाकून द्यावीत? नशीब आणि चेहरे वाचण्याची कला यांवर सोडलेल्या या प्रश्नाला गणिताचे उत्तर देणारा माणूस म्हणजे जॉन फॉन नॉयमन.

बुडापेस्ट येथील एका सधन ज्यू बँकरच्या घरी २८ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. घरच्यांच्या इच्छेखातर त्यांनी झुरिच येथे रसायन अभियांत्रिकीची पदविका घेतली. मन मात्र गणितात रमलेले होते. १९२६ मध्ये त्यांनी बुडापेस्ट विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळविली.

पोकर हा तीन पत्तीच्याच कुळातील पाश्चात्त्य खेळ. त्याची त्यांना आवड होती. तथापि प्रत्यक्ष टेबलावर ते सामान्य खेळाडू होते, असे सांगितले जाते. बुद्धिबळात सारे मोहरे डोळ्यांसमोर असतात; पोकरमध्ये पाने झाकलेली असतात आणि प्रतिस्पर्धी हूल देऊ शकतो. एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा, अशा दोघांच्या खेळात प्रत्येकाला आपले कमाल नुकसान आटोक्यात ठेवणारी नीती असते, हे त्यांनी १९२८ च्या प्रबंधात सिद्ध केले. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या १९४४ च्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विभाग आहे.

हूल कधी द्यावी?

त्यांनी खेळ अगदी सोपा करून घेतला. खेळाडू दोन, पैसे लावण्याची फेरी एकच. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. उत्तम पानांवर पैसे लावावेत, हे उघड आहे. पण हूल द्यायची ती अगदी टाकाऊ पानांवर. मध्यम पानांवर रक्कम वाढवू नये, कारण कमकुवत प्रतिस्पर्धी पाने टाकून मोकळा होतो आणि वरचढ तेवढा भिडतो.

प्रमाणही ठरविता येते. डावात १०० रुपये जमले आहेत आणि एकाने आणखी १०० लावले, असे समजा. समोरच्याला १०० घालून २०० जिंकण्याची संधी मिळते. म्हणजे तीनपैकी एकदा जिंकला तरी त्याचे नुकसान नाही. म्हणून एवढी रक्कम लावणाऱ्याने दोन खऱ्या चालींमागे एक हूल ठेवावी. त्याहून जास्त ठेवली तर तो पकडला जातो. अजिबात ठेवली नाही, तर त्याच्या चांगल्या पानांनाही कोणी पैसे देत नाही. उलट बाजूने, समोरच्याने हुलेला हरवू शकणाऱ्या पानांपैकी सुमारे निम्म्या पानांवर भिडावे. नेहमीच माघार घेतली, तर हूल फुकटात खपते. निर्णय योग्य होता की नाही, हे त्यामुळे एका डावाच्या हारजितीवरून ठरत नाही.

पुढे नॉयमन यांनी लॉस अलामॉस येथे अणुबॉम्बच्या रचनेवर काम केले आणि १९४५ मध्ये संगणकाच्या रचनेचा पायाभूत अहवाल लिहिला. १९५५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले. सोव्हिएत संघाबाबत त्यांची भूमिका अत्यंत कठोर होती. पत्त्यांत हरलेला पुढच्या डावाला बसू शकतो. अण्वस्त्रांच्या डावात दुसरा डावच नसतो. दीर्घकाळच्या सरासरीवर उभे असलेले गणित तेथे अपुरे पडते, ही टीका त्यांच्या विचारांचा आजही पाठलाग करते.

कर्करोगाने ८ फेब्रुवारी १९५७ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३ वर्षे. त्यांनी घातलेल्या पायावरच पुढे पोकर खेळणारे संगणक उभे राहिले. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे लिब्रेटस या संगणकप्रणालीने चार नामवंत व्यावसायिकांशी एकास एक असे एकूण १ लाख २० हजार डाव खेळले आणि त्यांना हरविले. प्रतिस्पर्ध्याचा चेहरा तिने एकदाही पाहिला नव्हता.