वेळ त्याची, कर्तव्य आपले : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मुख्याध्यापिकेने काहीतरी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. शाळेच्या वाटचालीचा आढावा या अंकात इतरत्र येणारच आहे. म्हणून मी एका चरित्राकडे वळले. महाराष्ट्रात जन्मलेले आणि महाराष्ट्राबाहेर बहरलेले हे चरित्र बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळेला सहजच जवळचे वाटावे असे आहे. ते निवडण्यामागे आणखीही एक कारण आहे. आपण आखलेला बेत मोडतो, मागितलेले वेळेवर मिळत नाही आणि न मागितलेली जबाबदारी अवेळी खांद्यावर येते. अशा वेळी ईश्वरी योजनेवर विश्वास ठेवावा, असे वडीलधारी मंडळी सांगतात. पण विश्वास ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर अहिल्याबाईंनी शब्दांनी दिले नाही. त्यांनी ते जगून दाखविले.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यातल्या चौंडी या लहानशा गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. मुलींच्या हाती पाटी देण्याची रीत नव्हती, अशा काळात त्यांनी लेकीला लिहावाचायला शिकविले. पहिल्या बाजीराव पेशव्यांचे पराक्रमी सरदार मल्हारराव होळकर यांचा मुक्काम एकदा चौंडीस पडला आणि देवळात भक्तिभावाने वावरणारी ही बालिका त्यांच्या नजरेत भरली, असे परंपरा सांगते. १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा विवाह झाला. आठ वर्षांची मुलगी गाव, नदी, मैत्रिणी सारे मागे टाकून माळव्याच्या वाटेला लागली. त्या वयात तिने स्वतःसाठी कोणताही बेत केलेला नव्हता, आणि कुणी तिला विचारलेही नव्हते.

सासरी सासूबाई गौतमाबाईंनी घर शिकविले आणि मल्हाररावांनी राज्य शिकविले. सुनेची बुद्धी आणि सचोटी त्यांनी ओळखली होती. वसुलीचे हिशेब, खासगीचा जमाखर्च, फौजेसाठी दाणावैरण, पत्रव्यवहार अशी एकेक कामे तिच्याकडे येत गेली. १७४५ मध्ये मालेराव आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई अशी दोन अपत्ये झाली. पुढे पती राज्य सांभाळतील, मग पुत्र सांभाळील आणि आपण देवधर्म करीत त्यांच्या पाठीशी उभ्या राहू, याखेरीज वेगळे आयुष्य त्यांच्या कल्पनेत असण्याचे कारण नव्हते.

१७५४ च्या मार्चमध्ये भरतपूरजवळच्या कुंभेरी किल्ल्याच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. अहिल्याबाई तेव्हा २८ वर्षांच्या होत्या. तत्कालीन रूढीप्रमाणे त्यांनी सती जाण्याचा निश्चय केला. त्यांच्या दृष्टीने आयुष्याचा हिशेब तिथे पूर्ण झाला होता. त्या क्षणी साठीच्या घरातले मल्हारराव आडवे आले. रणांगणावर कधी न डगमगलेल्या त्या वृद्ध सरदाराने सुनेपुढे पदर पसरावा तशी याचना केली. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, तूही गेलीस तर माझ्या म्हातारपणाला आणि या दौलतीला आधार कुणाचा, असा त्यांचा आशय होता. अहिल्याबाई थांबल्या.

हे थांबणे सोपे नव्हते. चितेवर चढणाऱ्या स्त्रीचे पूजन करणारा समाज मागे राहणाऱ्या विधवेकडे कोणत्या नजरेने पाहत असे, हे वेगळे सांगायला नको. आपला निश्चय मोडून, लोकनिंदेची शक्यता पत्करून, पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पनाही नसताना त्यांनी जगण्याचे स्वीकारले. ईश्वराची योजना आकाशवाणी होऊन आली नाही. एका दुःखी म्हाताऱ्याच्या अश्रूंच्या रूपाने ती समोर उभी राहिली, आणि तिला ओळखण्याचे धैर्य अहिल्याबाईंजवळ होते.

त्यानंतरची १२ वर्षे तयारीची होती, हे आज आपल्याला दिसते. त्यांना ते दिसत नव्हते. त्या फक्त समोरचे काम करीत होत्या. १७६५ मध्ये मल्हाररावांनी त्यांना धाडलेल्या पत्रांतून चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे कूच करावे, मोठा तोफखाना जवळ ठेवून दारूगोळ्याची बेगमी करावी, वाटेच्या रक्षणासाठी चौक्या बसवाव्यात, अशा सूचना आढळतात. ज्या काळात विधवेने उंबऱ्याबाहेर पडू नये अशी अपेक्षा होती, त्या काळात ही विधवा तोफांचे गाडे हाकवीत होती.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले. मालेराव गादीवर आले, पण वर्षही पुरे झाले नाही तोच, १७६७ मध्ये, तेही आजारपणात गेले. पती, पितृतुल्य सासरे आणि एकुलता पुत्र असे तीन आधार १३ वर्षांत निखळले. दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, म्हणजे कारभार आपल्या हाती राहील, असा घाट घातला आणि राघोबादादांना फौजेसह बोलाविले. राघोबादादा क्षिप्रेच्या काठापर्यंत आले. अहिल्याबाईंनी रडत बसण्याऐवजी शिंदे, गायकवाड, भोसले यांना पत्रे धाडली, थोरल्या माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला, तुकोजी होळकरांना फौज घेऊन नदीकाठी उभे केले आणि राघोबादादांना कळविले की, स्त्रीला जिंकून त्यांना कीर्ती मिळणार नाही आणि हरले तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. माधवरावांनी अहिल्याबाईंच्या बाजूने कौल दिला. राघोबादादांनी आपण केवळ सांत्वनासाठी आलो होतो असे म्हणून माघार घेतली. देवावर भार टाकणारी ही बाई आपले एकही काम देवावर टाकत नसे.

अहिल्याबाईंनी तुकोजींना सेनापती नेमले, मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला आणि नर्मदाकाठच्या महेश्वरी राजधानी नेली. राज्याच्या आज्ञापत्रांवर त्यांनी आपल्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घातले. राज्य त्याचे आणि आपण त्याच्या मुतालिक, अशी ही भूमिका होती. मुतालिकाला मालकी नसते, पण पै-पैचा हिशेब द्यावा लागतो. म्हणूनच त्यांची दिनचर्या एखाद्या व्रतासारखी होती. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना पाहिलेल्या माणसांकडून माहिती गोळा करून १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माळव्याच्या वृत्तान्तात ती नोंदवली आहे. पहाटेपूर्वी उठून स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि अन्नदान, दुपारी साधे भोजन, मग संध्याकाळपर्यंत उघडा दरबार, आणि रात्री पुन्हा पूजा व फराळ उरकून उशिरापर्यंत राज्याचे काम. त्यांची स्तुती करणारा ग्रंथ एका ब्राह्मणाने रचून आणला, तेव्हा तो शांतपणे ऐकून त्यांनी नर्मदेत सोडायला लावला, हीही माल्कमचीच नोंद. ज्याचे श्रेय त्याचे त्याला, हा हिशेब त्यांच्या मनात स्पष्ट होता.

त्यांच्या कारभाराच्या कितीतरी कथा आहेत. वाटमारी करणाऱ्या भिल्लांना त्यांनी आधी जरब बसविली, मग वाटसरूंकडून भीलकवडी नावाचा अल्पसा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य करून रस्त्यांच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. निपुत्रिक धनाढ्य विधवांनी आपली संपत्ती सरकारात भरू म्हटले, तेव्हा ती न घेता सत्कार्यास लावण्याचा सल्ला त्यांनी दिला. महेश्वरी त्यांनी विणकर वसविले, आणि महेश्वरी लुगड्यांचे माग तिथे आजही चालू आहेत. काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहावे, ही मल्हाररावांची इच्छा त्यांच्या हयातीत सिद्धीस गेली नव्हती. १६६९ मध्ये पाडलेल्या त्या मंदिराच्या जागेशेजारी अहिल्याबाईंनी १७८० मध्ये नवे मंदिर उभारले. मध्ये १११ वर्षे गेली होती. सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरुळचे घृष्णेश्वर, काशीचे घाट, तीर्थोतीर्थीच्या धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे ही कामे त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून केली. हिमालयापासून रामेश्वरापर्यंत ज्या वाटसरूंची तहान त्यांनी भागविली, त्यांपैकी बहुतेकांना त्या कधी भेटणारही नव्हत्या.

इथे चरित्र संपविले असते तर बोध सोपा झाला असता. श्रद्धा ठेवली, थांबल्या आणि फळ मिळाले! परंतु अहिल्याबाईंचे आयुष्य इतके सोपे नाही. मुक्ताबाईंचा तरुण पुत्र नथोबा आजीचा जीव की प्राण होता. तो अकाली गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. ३७ वर्षांपूर्वी ज्या जागी मल्हारराव उभे होते, त्या जागी आता अहिल्याबाई उभ्या होत्या. त्यांनी लेकीच्या विनवण्या केल्या, मला एकटी टाकू नकोस म्हणून देवाची शपथ घातली. पण त्यांनी सासऱ्यांचे ऐकले होते तसे लेकीने त्यांचे ऐकले नाही. चितेपर्यंत त्या पायी गेल्या. ज्वाळा उठल्यावर त्यांचा धीर सुटला. आवरून धरणाऱ्या ब्राह्मणांच्या हातांना त्यांनी दुःखावेगात चावे घेतले, असे माल्कम लिहितो. नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत, एक शब्द बोलल्या नाहीत.

या प्रसंगाला ईश्वरी योजना म्हणायला माझी लेखणी धजावत नाही, आणि कुणी म्हणू नये असे मला वाटते. सतीची चाल माणसांनी निर्माण केली होती आणि माणसांनीच, राजा राममोहन राय यांच्यासारख्यांच्या झुंजीनंतर, १८२९ मध्ये बंगाल प्रांतात कायद्याने ती बंद करविली. आपल्या रूढींचा दोष देवाच्या माथी मारणे ही श्रद्धा नव्हे. तरीही एक गोष्ट उरते. त्या तीन दिवसांनंतर अहिल्याबाई पुन्हा उठल्या. लेकीच्या स्मरणार्थ त्यांनी सुंदर छत्री बांधविली आणि दरबार पुन्हा सुरू झाला. देवाने आपले ऐकले नाही, म्हणून त्याचे काम टाकून द्यावे, असे त्यांना वाटले नाही. त्यांची श्रद्धा हा सौदा नव्हता, म्हणून तो मोडलाही नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, महेश्वरी त्यांचे देहावसान झाले. अवघ्या काही वर्षांत होळकरांच्या घराण्यात वारसाहक्काचे तंटे पेटले आणि त्यांनी निगुतीने राखलेली शांतता विस्कटली. त्यांच्या योजनेप्रमाणे सारे काही टिकले, असे म्हणता येत नाही. टिकले ते घाट, विहिरी आणि वाटा, आणि त्यांचे नाव. कुंभेरीपूर्वी त्या २८ वर्षे जगल्या होत्या, आणि राज्यही त्यांनी सुमारे २८ वर्षेच केले. १७५४ च्या त्या दिवशी त्यांच्या मनासारखे झाले असते, तर ही दुसरी २८ वर्षे घडलीच नसती.

प्रिय माजी विद्यार्थी आणि पालकहो, दरवर्षी निकालानंतर माझ्या टेबलासमोर काही आईवडील हताश होऊन बसतात. एखाद्या गुणाने हुकलेला प्रवेश, एक वाया गेलेले वर्ष, मुलाने निवडलेली अनपेक्षित वाट. त्यांची वेदना खरी असते आणि सगळे चांगल्यासाठीच होते, असे पटकन म्हणून ती मला झटकता येत नाही. मी एवढेच सांगते की, हे पान पुस्तकाचे शेवटचे पान नाही, आणि तोवर आजचा अभ्यास आज करायचा असतो. मराठी माणसांची वस्ती विरळ, साधने तुटपुंजी, अशा स्थितीत ६० वर्षांपूर्वी ज्यांनी ही शाळा सुरू केली, त्यांनीही हेच केले. त्यांच्यापैकी अनेकांना आजचा सोहळा पाहता आला नाही. त्यांनी लावलेल्या झाडांच्या सावलीत आपण उभे आहोत.

उद्याची वेळ ठरविणारा समर्थ आहे. आपल्या वाट्याचे काम अहिल्याबाईंसारखे चोख करण्याचे बळ आपल्या लेकरांना लाभो, हीच या मंगल प्रसंगी त्याच्या चरणी प्रार्थना.