थॉमस क्लार्कसन : बक्षिसाचा निबंध आणि जन्माचें कार्य

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ मुलें आतां हायस्कुलांत व कॉलेजांत शिकत आहेत. तेथें वक्तृत्वाच्या व वादविवादाच्या चढाओढी होतात, त्यांत आपलीं मुलें भाग घेतात, आणि एखाद्या उपदेशकाचा मुलगा पदक मिळवून गांवीं आला म्हणजे सगळ्या मंडळीस आनंद होतो. हा आनंद योग्यच आहे. वाणी ही देवाची देणगी आहे, आणि तिला वळण लावणें हें चांगलें काम आहे. तथापि या चढाओढींत एक धोकाहि असतो. विषय कोणताहि असो, बाजू कोणतीहि मिळो, टाळ्या पडल्या कीं काम संपलें, अशी मनास संवय लागते. ज्या गोष्टीविषयीं आपण कळवळून बोललों ती गोष्ट घरीं जातांना वाटेंतच विसरली जाते. या धोक्याचा विचार करीत असतां आम्हांस एका विद्यार्थ्याचें चरित्र आठवतें. तो केवळ नांवलौकिकासाठीं एका चढाओढींत उतरला. बक्षीस त्यास मिळालें; पण ज्या विषयावर त्यानें बक्षीस मिळविलें तो विषय कांहीं केल्या त्यास सोडीना. त्याचें नांव थॉमस क्लार्कसन. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं विल्बरफोर्स याचें नांव ऐकलें असेल. क्लार्कसनचें नांव थोड्यांनींच ऐकलें असेल.

थॉमसचा जन्म ता. २८ मार्च १७६० रोजीं इंग्लंडच्या पूर्व भागांतील विझबीच या गांवीं झाला. त्याचा बाप पाळक असून तेथील शाळेचा मुख्य शिक्षक होता. थॉमस लहान असतांच, १७६६ सालीं, बाप वारला. पुढें मुलाचें शिक्षण लंडन येथील सेंट पॉल्स शाळेंत झालें, आणि १७७९ सालीं तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत दाखल झाला. अंगानें तो धिप्पाड, सहा फुटांहून उंच असून त्याचे केस तांबूस होते. १७८३ सालीं पदवी घेऊन त्यानें डीकनची दीक्षाहि घेतली. ख्रिस्ती सेवेंत आपण चांगल्या पदास पोंचूं, अशी त्यास उमेद होती.

त्या काळीं केंब्रिजमध्यें पदवीधर विद्यार्थ्यांसाठीं दरवर्षीं लॅटिन निबंधाची चढाओढ असे. ज्याचा निबंध पहिला येई त्यानें तो विद्यापीठाच्या सभागृहांत विद्वानांसमोर उभें राहून वाचून दाखवावयाचा असे. म्हणून लेखणी व वाणी या दोहोंचाहि मान त्यांत मिळे. १७८४ सालीं क्लार्कसन यानें आपल्या वर्गांतील पहिलें बक्षीस जिंकलें. पुढल्या वर्षीं वरच्या वर्गाची चढाओढ आली. एकदां पहिला आलेला गडी दुसऱ्या वेळीं मागें पडला तर मिळविलेलें नांव जाईल, अशी त्यास चिंता वाटूं लागली.

त्या वर्षीं विषय देण्याचें काम पीटर पेकर्ड या कुलगुरूकडे होतें. त्यानें प्रश्न घातला तो असा कीं, माणसांस त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणें न्याय्य आहे काय. प्रश्नांत आफ्रिकेचें नांव नव्हतें. पण त्याचा रोख कोणीकडे आहे हें क्लार्कसनच्या तेव्हांच ध्यानांत आलें.

हा व्यापार कसा चाले तें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. लिव्हरपूल, ब्रिस्टल व लंडन येथून कापड, बंदुका, दारू असा माल भरून जहाजें आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यास जात. तेथें तो माल देऊन माणसें विकत घेत. त्यांस बेड्या घालून, जहाजाच्या पोटांत दाटीवाटीनें निजवून, महासागरापलीकडे वेस्ट इंडीज बेटांत नेत व उंसाच्या मळ्यांवर विकीत. मग साखर भरून जहाजें इंग्लंडांत परत येत. वाटेंत किती जीव मरत व किती समुद्रांत टाकले जात याची कोणास खंत नव्हती. आणखी दुःखाची गोष्ट ही कीं, या पैशावर जगणारे पुष्कळ लोक दर रविवारीं देवळांत बसत असत. इतकेंच काय, बार्बेडोस बेटांत सुवार्ताप्रसार करणाऱ्या एका इंग्रज संस्थेच्या मालकीचाच उंसाचा मळा होता आणि त्यावर गुलाम राबत होते. ही गोष्ट लपविण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

क्लार्कसन यास या विषयाची कांहींच माहिती नव्हती, आणि हातीं थोडक्या आठवड्यांची मुदत. या व्यापारांत असलेल्या एका मृत स्नेह्याचे कागद त्यास पाहावयास मिळाले. वेस्ट इंडीजमध्यें राहून आलेल्या अधिकाऱ्यांस त्यानें विचारलें. वर्तमानपत्रांत एका पुस्तकाची जाहिरात पाहून तो तसाच लंडनला गेला व तें पुस्तक घेऊन आला. तें फिलाडेल्फिया येथील अँथनी बेनेझेट नांवाच्या क्वेकर शिक्षकानें लिहिलेलें होतें. पंतोजीचा पेशा करणाऱ्या या साध्या मनुष्यानें काळ्या मुलांसाठीं शाळा चालविली होती, आणि गिनीच्या किनाऱ्यावर काय चालतें तें प्रवाशांच्या लेखांवरून एकत्र केलें होतें.

क्लार्कसन वाचूं लागला. आपल्याला निबंध जुळवण्यांत मौज वाटेल, असें त्यास वाटलें होतें. पण ती मौज पहिल्या कांहीं दिवसांतच उडाली. दिवसा मन उदास राही, रात्रीं झोंप लागेना. सुचलेला विचार निसटूं नये म्हणून तो खोलींत रात्रभर मेणबत्ती जळत ठेवी. तरी लिहितांना त्याच्यापुढें बक्षीसच होतें, हें त्यानें पुढें स्वतःच प्रांजळपणें कबूल केलें आहे.

बक्षीस त्यासच मिळालें. १७८५ च्या जून महिन्यांत त्यानें सभागृहांत निबंध वाचला आणि त्याची मोठी वाहवा झाली. मग तो घोड्यावर बसून लंडनकडे निघाला. वाटेंत त्याचें मन राहून राहून निबंधाकडेच जाई. कधीं घोडा थांबवावा, कधीं खालीं उतरून पायीं चालावें, आणि हें सारें खरें असणें शक्य नाहीं अशी मनाची समजूत घालावी, असें चाललें. पण पुरावा आठवला कीं ती समजूत टिकेना. हर्टफर्डशायर परगण्यांत वेड्समिल गांव दृष्टीस पडलें तेव्हां तो घोड्याचा लगाम धरून रस्त्याच्या कडेला हिरवळीवर खिन्न होऊन बसला. तेथें त्याच्या मनांत एक विचार आला : निबंधांत लिहिलेलें जर खरें असेल, तर कोणीतरी या दुःखांचा शेवट केला पाहिजे.

शौलास दिमिष्काच्या वाटेवर मोठा प्रकाश दिसला व वाणी ऐकूं आली. क्लार्कसनला प्रकाश दिसला नाहीं; त्याच्या स्वतःच्या लेखणीनेंच त्यास अडविलें. तरी हीहि देवाचीच हांक होती असें आम्हांस वाटतें.

त्यानें लगेच होकार दिला असें मात्र नाहीं. तो केवळ पंचवीस वर्षांचा होता. हाताशीं ना संपत्ति, ना अधिकार. कित्येक महिने तो एकांतांत या प्रश्नाशीं झगडत राहिला. हें काम कोणी थोर मनुष्यानें करावें, आपण नुसतें सुचवावें, असें प्रथम वाटलें. शेवटीं त्यानें निबंध इंग्रजींत उतरविला, आणि तो १७८६ सालीं लंडन येथील जेम्स फिलिप्स या क्वेकर पुस्तकविक्याकडून प्रसिद्ध झाला. त्या निमित्तानें त्यास कळलें कीं, आपण एकटे नाहीं. ग्रॅनव्हिल शार्प व कित्येक क्वेकर मंडळी पूर्वींपासून याच कामीं झटत होती. तेव्हां त्यानें उपाध्यायपणांतील बढतीची आशा सोडून आपलें आयुष्य या कामास वाहिलें. ता. २२ मे १७८७ रोजीं बारा जणांची एक समिति लंडनमध्यें स्थापन झाली. त्यांत नऊ क्वेकर होते. पार्लमेंटांत हा विषय मांडण्याचें काम विल्यम विल्बरफोर्स यानें पत्करलें.

विल्बरफोर्सची वाणी गोड होती, व सभा जिंकण्याचें सामर्थ्य तिच्यांत होतें. पण वक्त्यास पुरावा पाहिजे. तो गोळा करण्याचें काम क्लार्कसनकडे आलें. तो ब्रिस्टलला गेला, लिव्हरपूलला गेला. रात्रीं गुत्त्यांतून हिंडून जहाजांवर खलाशी कसे भरती करतात तें त्यानें पाहिलें. लिव्हरपूलच्या एका दुकानांत बेड्या, आंगठे चिरडण्याचे पेंच, आणि जे गुलाम अन्न घेत नसत त्यांचीं तोंडें उघडण्याचें हत्यार विकावयास मांडलेलें होतें. तीं त्यानें विकत घेतलीं व लोकांस दाखविलीं. त्याच शहरांत बंदराच्या धक्क्यावर कांहीं माणसांनीं त्यास घेरून पाण्यांत लोटण्याचा प्रयत्न केला. त्यांच्यामधून मुसंडी मारून तो कसाबसा वांचला.

या व्यापारांत इंग्रज खलाशी तरबेज होतात, असें व्यापारी मोठ्या अभिमानानें सांगत. क्लार्कसन यानें जहाजांच्या हजेरीपटांवरून हजारों खलाशांचीं नांवें तपासलीं, आणि हे खलाशी तरबेज होण्याऐवजीं झपाट्यानें मरतात असें दाखवून दिलें. माणसें कशीं पकडतात हें प्रत्यक्ष पाहिलेला एक साक्षीदार हवा होता. त्याचें नांवहि ठाऊक नव्हतें. तो एका लढाऊ जहाजावर आहे एवढेंच कळलें होतें. त्यासाठीं क्लार्कसन बंदरामागून बंदर पालथें घालीत शेंकडों जहाजांवर चढला, आणि अखेरीस प्लिमथ येथें आयझॅक पार्कर नांवाचा तो खलाशी त्यास सांपडला. नदीच्या कांठच्या गांवांवर रात्रीं छापे घालून माणसें कशीं धरून आणीत, तें या साध्या मनुष्यानें पार्लमेंटपुढें सांगितलें.

क्लार्कसनजवळ एक पेटीहि असे. तींत आफ्रिकेंत होणारें सुंदर कापड, हस्तिदंत, डिंक, मिरीं, कमावलेलें कातडें इत्यादि वस्तु होत्या. त्या लोकांशीं प्रामाणिक व्यापार करतां येतो, व ते हुन्नरी लोक आहेत, हें या पेटीनें मोठमोठ्या सरदारांस पटविलें. तसेंच ब्रूक्स नांवाच्या जहाजाचा नकाशा समितीनें छापला. गुलामांस कसें निजवीत तें त्यांत एकेक आकृति काढून दाखविलें होतें. त्या आकृति ४८२ होत्या. पण एका सफरींत तेंच जहाज ६०९ माणसें भरून गेलें होतें. हजार शब्दांनीं झालें नसतें तें काम या एका चित्रानें केलें.

ता. १२ मे १७८९ रोजीं विल्बरफोर्स पार्लमेंटांत सुमारें साडेतीन तास बोलला. तरीहि १७९१ सालीं मतें घेतलीं तेव्हां ८८ विरुद्ध १६३ मतांनीं पराभव झाला. उत्तम वाणी, भक्कम पुरावा, न्याय्य बाजू, आणि तरी हार! पुढें काय झालें तें खेड्यांतील वाचकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावें. पार्लमेंटांत ज्यांस मत नव्हतें अशा साध्या लोकांनीं गुलामांच्या श्रमाची साखर खाण्याचें सोडलें. सुमारें तीन लाख लोकांनीं ती सोडली असा क्लार्कसनचा अंदाज होता, आणि त्यांत गृहिणींचा वांटा मोठा होता. १७९२ सालीं गांवोगांवहून ५१९ अर्ज पार्लमेंटकडे गेले. स्वतः गुलामगिरी भोगून सुटलेला ओलाउडा इक्वियानो हा आपलें आत्मचरित्र घेऊन शहरोशहरीं फिरला. वेस्ट इंडीजमधील गुलामांनीं स्वतः केलेले उठावहि सर्वांस जागे करीत होते. जें कार्य झालें तें एकट्या क्लार्कसनचें नव्हे, हें विसरतां कामा नये.

सात वर्षांत क्लार्कसन यानें सुमारें ३५,००० मैल प्रवास केला होता. १७९४ सालीं त्याची प्रकृति पार ढांसळली व त्यास काम सोडावें लागलें. फ्रान्सशीं युद्ध चालू असल्यामुळें लोकांचाहि उत्साह मावळला. तो खेड्यांत जाऊन शेती करूं लागला, त्यानें लग्न केलें, संसार थाटला. दहाएक वर्षांनीं चळवळीनें पुन्हां जोर धरला तेव्हां तोहि पुन्हां घोड्यावर बसला. अखेर ता. २३ फेब्रुवारी १८०७ रोजीं १६ विरुद्ध २८३ मतांनीं गुलामांचा व्यापार बंद करण्याचा कायदा मान्य झाला. वेड्समिलच्या हिरवळीवरून उठल्यास तेव्हां बावीस वर्षें होत आलीं होतीं.

व्यापार थांबला तरी जे गुलाम होते ते गुलामच राहिले. त्यांच्या सुटकेचा कायदा १८३३ सालीं झाला. १८४० सालीं लंडन येथें गुलामगिरीविरुद्ध मोठी परिषद भरली, तेव्हां ऐंशी वर्षांचा क्लार्कसन तिचा अध्यक्ष होता. ता. २६ सप्टेंबर १८४६ रोजीं प्लेफर्ड येथें त्याचा अंत झाला. वेड्समिलजवळ तो जेथें बसला होता असें मानतात, तेथें १८७९ सालीं एक दगडी स्तंभ उभारण्यांत आला.

आतां आमच्या तरुणांस व त्यांस शिकविणाऱ्या उपदेशक बंधूंस आमचें एवढेंच सांगणें आहे. चढाओढींत अवश्य उतरा. विषयाचा अभ्यास करा, दोन्ही बाजू तपासा, स्पष्ट व निर्भय बोला. हरलांत तर जिंकणाऱ्यास मनापासून शाबासकी द्या. पण पदक घेऊन घरीं निघालांत म्हणजे वाटेंत एकदां थांबा, आणि आपण बोललों तें खरें होतें काय, असें स्वतःस विचारा. गांवांतील दारूविषयीं बोललां असाल, हुंड्याविषयीं बोललां असाल, कर्जापायीं दुसऱ्याच्या दारीं राबणाऱ्या कुटुंबाविषयीं बोललां असाल, आणि तें खरें असेल, तर त्याचा शेवट कोणी करावयाचा? सभागृहांतील टाळ्या त्याच दिवशीं विरून गेल्या. रस्त्याच्या कडेला एका विद्यार्थ्याच्या मनांत उठलेला प्रश्न मात्र समुद्रापलीकडल्या लाखों माणसांच्या बेड्या तुटेपर्यंत थांबला नाहीं. असा प्रश्न आमच्या एखाद्या मुलाच्या मनांत उठो, आणि त्याचें उत्तर देण्याचें धैर्य प्रभु त्यास देवो, अशी आमची प्रार्थना आहे.