इतिहासवाल्या कोसंबींचं गणित

बीएला इतिहास असेल तर दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. पण माणूस मुळात गणिताचा! १९०७ साली गोव्यात जन्म, हार्वर्डची पदवी, मग बनारस आणि तिथून अलिगढ.

अलिगढला त्यांना बोलावलं आंद्रे वेय या जेमतेम पंचविशीतल्या फ्रेंच गणितज्ञांनी. मूळ संख्यांविषयीचं रीमान यांचं कोडं पुढे दोघांनीही हाती घेतलं. वाटा मात्र वेगळ्या.

वेय यांनी मोजक्याच आकड्यांची दुनिया निवडली. वहीत करून बघा. आकडे दोनच, ० आणि १, आणि १ + १ = ०. दोन घाताच्या बहुपदी फक्त चार होतात: क्ष², क्ष² + १, क्ष² + क्ष, क्ष² + क्ष + १. त्यांचे विभाजक अनुक्रमे ३, ३, ४ आणि २. (इथे क्ष² + १ म्हणजे क्ष + १ चा वर्ग, म्हणून तिचे ३.) सरासरी बरोब्बर ३. तीन घात घेतला की ४, शंभर घेतला की १०१. साध्या संख्यांच्या विभाजकांची सरासरी अशी नेमकी बसत नाही, थोडी चूक उरतेच. ती किती मोठी असू शकते, हे अजूनही सुटलेलं नाही.

अशाच दुनियेतल्या वक्रांसाठी रीमान यांचं कोडं सोडवायची वाट वेय यांना १९४० साली फ्रान्सच्या तुरुंगात सापडली.

कोसंबी साध्या मूळ संख्यांनाच भिडले, तेही संभाव्यतेचं हत्यार घेऊन. तोवर त्यांचं नाव झालं होतं. जीवशास्त्रवाल्यांनो, जनुकांमधलं अंतर मोजायचं १९४४ चं कोसंबी सूत्र यांचंच! आपल्याला गोंदियाहून मुंबई गाठायला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागते. हे साहेब पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जायचे. १९५९ साली त्यांनी कोडं सोडवल्याचा दावा छापला, तोही शेती संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. तज्ज्ञांना तो पटला नाही, नाव खराब झालं. होमी भाभांशी आधीच बिनसलं होतं. १९६२ मध्ये संस्थेतली नोकरी गेली.

तरी मूळ संख्या सुटल्या नाहीत. त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहून त्यांनी प्रकाशकाकडे धाडलं आणि काही दिवसांतच, २९ जून १९६६ रोजी, पुण्यात ते गेले. ते हस्तलिखित आजवर सापडलेलं नाही.