डफावर थाप देणारा बार्शीचा मेहबूब

रमजानच्या पहाटे सहरीसाठी मोहल्ला जागा करणारे फकीर डफ वाजवत गल्लीगल्लीतून फिरत. मराठी शाहिरांनीही डफावरच थाप मारून गावं जागी केली. हा डफ म्हणजे अरबी-फारसीतला दफ आणि शाहीर म्हणजे शायर. असे शब्द, अशी वाद्यं कुणा एकाची राहत नाहीत. पेशवाईच्या उत्तरकाळात लावण्या-पोवाडे रचणारे सगनभाऊ मुस्लिम शिकलगार होते. विसाव्या शतकात हाच वारसा गिरणीच्या दारापर्यंत नेला तो शाहीर अमर शेख यांनी.

त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. 20 ऑक्टोबर 1916 रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एका गरीब मुस्लिम घरात त्यांचा जन्म झाला. आईचं नाव मुनेरबी. लोकगीतांची गोडी त्यांना आईकडूनच लागली. पुस्तकातली मराठी पुढे आली; त्याआधी घरातल्या, शेतातल्या, जात्यावरच्या गाण्यांची मराठी त्यांच्या कानात बसली होती.

गरिबीमुळे शिक्षण फार झालं नाही. पोटासाठी मिळेल ते काम केलं. मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत कामगार झाले. गिरणीतल्या संपात पुढे राहिल्याबद्दल तुरुंगवास भोगला. विसापूरच्या तुरुंगात साम्यवादी कार्यकर्त्यांशी ओळख झाली आणि आयुष्याला दिशा मिळाली. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काही काळ काम केलं. कलेच्या या वाटेवर मेहबूब पटेल अमर शेख झाले. अमर हा संस्कृतातला शब्द, शेख अरबीतला. दोन्ही शब्द एका नावात शेजारी बसले आणि महाराष्ट्राला ते नाव कधी परकं वाटलं नाही.

मुंबईत अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली. 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं राहिलं. वाटेगावच्या मातंग कुटुंबातले अण्णाभाऊ, बार्शीच्या मुस्लिम घरातले अमर शेख आणि त्यांच्या सोबतीला गवाणकर, असा हा त्रिवेणी संगम होता. गण, पोवाडा, लावणी, तमाशा हे लोकांच्या अंगवळणी पडलेले प्रकार त्यांनी घेतले आणि त्यांत भाकरी, भाडं, पगार, सावकार हे विषय आणले. अमर शेख यांचा पहाडी आवाज मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचायचा. दिवसभर राबून आलेला माणूस त्या आवाजात स्वतःचं दुःख ओळखायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा आवाज गावोगाव घुमला. या लढ्यात 106 जणांनी प्राण दिले, तेव्हा 1 मे 1960 रोजी मुंबईसह मराठी राज्य मिळालं. त्या राज्यासाठी सभा जागवणाऱ्यांत बार्शीचा हा शेख आघाडीवर होता. गोवा मुक्तीसाठीही ते गायले. 1962 च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी कार्यक्रम करून निधी जमवला. आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना रशियन कवी मायकोव्हस्कीशी केली होती. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह. ‘प्रपंच’ आणि ‘महात्मा फुले’ या चित्रपटांतही ते दिसले. त्यांचा विवाह कुसुम जयकर यांच्याशी झाला. कन्या मलिका अमर शेख मराठीतल्या नामवंत कवयित्री झाल्या.

अमर शेख धर्मोपदेशक नव्हते. त्यांची निष्ठा कष्टकऱ्यांच्या चळवळीशी होती. पण रोजा ज्या भुकेची जाणीव करून देतो, ती भूक त्यांनी बालपणीच ओळखली होती आणि दुसऱ्याच्या भुकेसाठी आयुष्यभर गळा झिजवला. म्हणून इफ्तारच्या दस्तरखानावरही त्यांची आठवण शोभते आणि महाराष्ट्र दिनाच्या व्यासपीठावरही.

1969 चं वर्ष मराठी शाहिरीला जड गेलं. 18 जुलैला अण्णाभाऊ गेले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, इंदापूरजवळ झालेल्या अपघातात अमर शेख यांचं निधन झालं. वय अवघं 52. मुंबई विद्यापीठात आज त्यांच्या नावाचं अध्यासन आहे.

आपल्या तालुक्याशी त्यांचं हे नातं मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. वालचंदनगर ही ऊस आणि कारखान्यावर उभी राहिलेली वसाहत. इथे गावोगावची, जातीधर्मांची माणसं एकाच भोंग्यावर कामाला गेली आणि एकाच भोंग्यावर घरी परतली. अमर शेख ज्यांच्यासाठी गायले, ती हीच माणसं. इंदापूरच्या रस्त्याने पुणे-सोलापूरकडे जाताना मुलांना एवढं तरी सांगता येईल, की मराठी राज्यासाठी गाणारा एक मोठा आवाज याच मातीत थांबला आणि त्याचं नाव शाहीर अमर शेख होतं.