कच्चे मडके ते महाद्वाराची पायरी : संत नामदेव महाराज

साधक बंधू-भगिनींनो, पंढरपूरला विठ्ठलाच्या दर्शनाला गेलात की महाद्वारातून आत शिरताना पहिल्या पायरीशी क्षणभर थांबा. वारकरी त्या पायरीवर पाय ठेवत नाहीत. ते वाकून तिला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात आणि पायरी ओलांडून पुढे जातात. ही नामदेवांची पायरी. ज्या भक्ताशी विठोबा प्रत्यक्ष बोलत असे, असे सारा महाराष्ट्र मानतो, त्याने शेवटची जागा गाभाऱ्याजवळ न मागता उंबऱ्याबाहेर का मागितली? याचे उत्तर त्यांच्या चरित्रात आहे.

देवाचा लाडका

नामदेवांचा जन्म शके ११९२ मध्ये, म्हणजे इ. स. १२७० मध्ये कार्तिक शुद्ध एकादशीला झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई. घरचा व्यवसाय शिंप्याचा. घराण्यात पंढरीची वारी होती. लहानपणी वडिलांच्या सांगण्यावरून नैवेद्य घेऊन गेलेला नामदेव देव जेवत नाही म्हणून रडू लागला आणि त्याच्या हट्टापुढे विठ्ठलाने खरोखर नैवेद्य ग्रहण केला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पुढे राजाईशी लग्न झाले, मुलेबाळे झाली. पण नामदेवांचे मन दुकानात रमले नाही. पंढरपूर, विठ्ठलाची मूर्ती आणि कीर्तन एवढेच त्यांचे विश्व होते.

गोरोबाकाकांचे थापटणे

एकदा संतमंडळी एकत्र जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई असे सर्व जण होते. मुक्ताबाई वयाने सर्वांत लहान, पण अधिकाराने मोठी. तिने गोरोबाकाकांना विनंती केली की, तुम्ही कुंभार आहात, यातली कोणती मडकी भाजली आहेत आणि कोणती कच्ची आहेत ते पाहून सांगा. गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सर्व संत शांत बसून राहिले. नामदेवांच्या डोक्यावर थापटणे पडताच मात्र ते चिडले. गोरोबांनी निर्णय दिला की हे मडके अजून कच्चे आहे.

आपण स्वतःला त्या जागी ठेवून पाहा. अनेक वर्षांची साधना आहे, लोक आदराने नाव घेतात आणि चार लोकांत कोणीतरी सांगतो की तुमचे अजून काही झालेले नाही. नामदेव रागाने आणि दुःखाने तडक विठ्ठलाकडे गेले. देव आपली बाजू घेईल, अशी त्यांना खात्री होती. देवाने बाजू घेतली नाही. संतांचे म्हणणे खरे आहे, तू गुरूला शरण जा, असे सांगून विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले.

पाय कोठे ठेवू?

औंढा नागनाथच्या देवळात नामदेवांनी पाहिले ते भलतेच. एक वृद्ध मनुष्य शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल झोपला होता. नामदेवांनी त्याला खडसावले. त्यावर विसोबांनी शांतपणे सांगितले की मी म्हातारा झालो आहे, जिथे देव नाही अशा जागी माझे पाय तूच उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिथे पिंड प्रकट झाली. तिसरीकडे ठेवले, तर तिथेही पिंड. शेवटी नामदेवांना कळले की देव नाही अशी जागाच नाही. आजवर त्यांचा देव पंढरीच्या विटेवर होता. त्या दिवसापासून तो सर्वत्र दिसू लागला.

हा बोध वागण्यात उतरला का? पुढची कथा तेच सांगते. नामदेव जेवायला बसणार तोच एक कुत्रा भाकरी पळवून निघाला. लोक काठी घेऊन धावले असते. नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी भाकरी देवाच्या घशात अडकेल, ही त्यांची काळजी. मडके भाजले गेले होते.

मैत्री आणि वियोग

ज्ञानदेव नामदेवांपेक्षा वयाने लहान होते. दोघांनी मिळून उत्तरेची तीर्थयात्रा केली. राजस्थानात बिकानेरजवळच्या कोलायत येथील आख्यायिका प्रसिद्ध आहे. दोघांनाही तहान लागली. विहिरीचे पाणी फार खोल होते. ज्ञानदेव योगसिद्धीने सूक्ष्म रूप घेऊन तळाशी गेले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांना सिद्धी येत नव्हती. त्यांनी कळवळून विठ्ठलाचा धावा केला आणि विहीर काठापर्यंत भरून वाहू लागली. ज्ञानदेवांची तहान भागली ती एकट्याची. नामदेवांच्या हाकेने आलेले पाणी येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांचे झाले. ज्ञानदेवांनीच या वेळी मित्राच्या भक्तीचे मनापासून कौतुक केले, असे सांगतात.

इ. स. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेव तेव्हा तिथे होते. त्या सोहळ्याचे आणि संतांच्या व्याकुळतेचे वर्णन त्यांच्याच अभंगांतून आपल्यापर्यंत पोहोचले आहे. त्या वेळी नामदेव २६ वर्षांचे होते. यानंतर ते आणखी ५४ वर्षे जगले. ज्यांनी त्यांना घडवले ते जिवलग निघून गेले होते आणि काम उभे होते.

पंजाबचे भगत नामदेव

नामदेव कीर्तन करीत उत्तरेकडे निघाले आणि थेट पंजाबात पोहोचले. आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले. शिंप्याच्या घरात जन्मलेला एक मराठी माणूस, परका मुलुख, परकी भाषा. तिथल्या लोकांना कळेल अशा बोलीत त्यांनी पदे रचली. त्यांच्या निर्वाणानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, इ. स. १६०४ मध्ये, गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. आज श्री गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. जातीमुळे देवळातून बाहेर काढले गेल्यावर ते देवळामागे जाऊन भजन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, हा प्रसंगही त्या पदांत आला आहे. महाराष्ट्रात ही कथा औंढा नागनाथची म्हणून सांगतात. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, ते याच नात्याची आठवण ठेवून.

चोखोबांच्या अस्थी

देऊळ फिरल्याची कथा ऐकताना आणखी एक प्रसंग विसरू नका. संत चोखामेळा यांना जन्मभर मंदिरात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि इतर मजुरांसह चोखोबा त्याखाली गाडले गेले. वृत्त कळताच नामदेव तिथे गेले. ढिगाऱ्यातील अस्थी ओळखायच्या कशा? परंपरा सांगते की नामदेव एकेक अस्थी कानाशी धरीत होते आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या त्यांनी उचलून घेतल्या. पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांनी चोखोबांची समाधी बांधली. जो आत जाऊ शकला नाही, त्याला त्यांनी देवाच्या दारात कायमचे स्थान दिले.

शेवटची जागा

इ. स. १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीला, वयाच्या ८० व्या वर्षी नामदेवांनी त्याच महाद्वारी समाधी घेतली, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. कुटुंबीय आणि संत जनाबाईही त्यांच्याबरोबर होत्या. पंजाबातील भक्त घुमानलाही त्यांची समाधी मानतात. दोन प्रांतांनी एका संताला आपला म्हणावे, याहून मोठे स्मारक कोणते?

देवदर्शनाला येणाऱ्या संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, एवढीच त्यांची इच्छा होती. तरुणपणी थापटणे लागताच चिडलेले नामदेव शेवटी सर्वांच्या पायाखालची पायरी झाले. साधक हो, आपल्यालाही कोणी चूक दाखवतो तेव्हा आधी राग येतो. राग नामदेवांनाही आला होता. पण ते गुरूच्या शोधात औंढ्याला गेले. पुढच्या वेळी असे थापटणे लागले, तर एक क्षण थांबून पाहूया, मडके कुठे कच्चे राहिले आहे. आणि पंढरीला गेलात, तर त्या पायरीला हात लावताना हेच मागणे मागा.