रक्तातून हृदयाचा ताण ओळखण्याची पायाभरणी करणारे अर्नेस्ट स्टार्लिंग

हृदय अशक्त होऊ लागले की रक्तातील बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी या द्रव्यांचे प्रमाण वाढते. धाप लागलेल्या किंवा पायांवर सूज आलेल्या रुग्णाचे निदान करताना आणि पुढे उपचारांवर देखरेख ठेवताना डॉक्टर आज याच चाचणीचा आधार घेतात. तिच्यामागील दोन मूलभूत कल्पनांना आकार देणारे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट हेन्री स्टार्लिंग यांना मात्र अशा चाचणीची चाहूलही नव्हती.

स्टार्लिंग यांचा जन्म १७ एप्रिल १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांचे वडील मुंबईत ‘क्लार्क ऑफ द क्राउन’ या न्यायालयीन पदावर होते. त्यामुळे मुलांच्या वाट्याला ते फारसे आले नाहीत. गाय्ज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये केशवाहिन्यांच्या भित्तिकांतून द्रव आत-बाहेर कसा जातो, हे दाखवले. अंगावरील सुजेचे कोडे त्यामुळे बरेचसे उलगडले.

१८९९ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. स्वादुपिंडाला पाचकरस स्रवण्याचा आदेश मज्जातंतूंमार्फतच मिळतो, असे त्या काळी मानले जाई. स्टार्लिंग आणि त्यांचे मेहुणे विल्यम बेलिस यांनी १९०२ मध्ये एका कुत्र्याच्या आतड्याच्या भागाचे मज्जातंतू तोडून तेथे आम्ल सोडले, तरीही रस स्रवलाच. निरोप रक्तातून गेला होता. त्या निरोप्याला त्यांनी ‘सिक्रेटिन’ म्हटले, आणि अशा सर्व द्रव्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मधील व्याख्यानांत प्रथम वापरला.

पुढे त्यांचे लक्ष हृदयाकडे वळले. शरीरापासून अलग केलेल्या हृदय-फुप्फुसांवरील प्रयोगांतून त्यांनी दाखवले, की हृदयात जितके अधिक रक्त भरते तितके त्याचे स्नायू ताणले जातात आणि तितक्याच जोराने आकुंचन पावतात. अर्थात एका मर्यादेपर्यंतच. जर्मनीचे ओटो फ्रँक यांनी बेडकाच्या हृदयात असेच काही आधी पाहिले होते. म्हणून हा नियम दोघांच्या नावे ओळखला जातो.

पहिल्या महायुद्धात स्टार्लिंग यांनी विषारी वायूंपासून सैनिकांच्या संरक्षणाचे काम केले. नोबेल त्यांना मिळाले नाही. ज्याने वैद्यकाला एक संपूर्ण शाखा दिली, त्याच्याबाबतीत हे खटकते. २ मे १९२७ रोजी जमैकातील किंग्स्टनजवळ जहाजावर त्यांचे निधन झाले.

हृदयाचा ताण आणि रक्तातील निरोप या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या १९८१ मध्ये, योगायोगाने कॅनडातील किंग्स्टन शहरात. तेथे आदोल्फो दे बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा मूत्रावाटे मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडले. हृदय स्वतःच हार्मोन स्रवते, हे त्यातून पुढे आले. जपानी संशोधकांना १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत बीएनपी सापडले. ते प्रामुख्याने हृदयाच्या ताणलेल्या जवनिकांतून येते, हे नंतर कळले. वाढते वय आणि मूत्रपिंडाचे विकार यांत हा आकडा चढतो, स्थूल व्यक्तींत तो कमी दिसतो. म्हणून डॉक्टर इकोकार्डिओग्राफीची जोड देऊनच तो वाचतात.