सर जगदीशचंद्र बसू : बिनतारी आज्ञेचा आरंभ

हीरकमहोत्सवी वर्षाच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या नववीच्या मुलांनी पद्मनाभपुरच्या मैदानावर थर्माकोलचे एक लहानसे विमान उडवले. टेबलावर लॅपटॉप होता, त्याला अँटेना असलेली एक डबी जोडलेली होती आणि तशीच दुसरी डबी विमानाच्या पोटात होती. विमानाची उंची, दिशा, बॅटरीची उरलेली शक्ती, सारे पडद्यावर क्षणोक्षणी उमटत होते आणि कळ दाबताच विमान वळत होते. मध्येच काही क्षण संपर्क तुटला व पडद्यावरचे आकडे थिजले. माझा श्वास अडकला. मुले मात्र शांत होती. संपर्क तुटल्यास उड्डाणाच्या जागी परत यावे, ही आज्ञा त्यांनी विमानाला आधीच देऊन ठेवली होती.

मी भाषेची शिक्षिका. मला कुतूहल वाटले ते त्या दोन डब्यांमधल्या रिकाम्या हवेचे. त्या हवेतून आज्ञा धाडण्याचा प्रयोग आपल्या देशात ज्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जाहीरपणे करून दाखवला, त्या जगदीशचंद्र बसूंचे चरित्र या निमित्ताने सांगावेसे वाटते. त्याला आणखी एक कारण आहे, ते ओघात येईल.

त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी मैमनसिंह येथे झाला. वडील भगवानचंद्र इंग्रज सरकारच्या नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते. अशा घरातील मुलाने इंग्रजी शाळेत जावे, हीच तेव्हाची रीत होती. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला फरीदपूरच्या बंगाली शाळेत घातले. आधी आपली भाषा आणि आपली माणसे कळावीत, मग परकी भाषा, असा त्यांचा विचार होता. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. त्या सोबत्यांकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टींतूनच सृष्टीविषयीची आपली जिज्ञासा जागी झाली, असे त्यांनी पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे. मातृभाषेत शिकून मुलगा मागे तर पडणार नाही ना, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत दरवर्षी माझ्या टेबलासमोर येतो. प्रश्न खोटा नाही आणि विचारणाऱ्या पालकांची काळजीही खोटी नाही. मी त्यांना बसूंचे नाव सांगते. काहींना ते पटते, काही अर्ज न भरताच परत जातात.

कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ यांनी त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली. 1880 मध्ये ते वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी विलायतेस गेले; पण आजारपणाने तो मार्ग सोडावा लागला आणि केंब्रिजमध्ये त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. 1885 साली ते प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे हिंदी प्राध्यापकास युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश वेतन मिळे आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याचेही निम्मे. बसूंनी वाद घातला नाही, तासही बुडवले नाहीत. तीन वर्षे त्यांनी बिनपगारी शिकवले. घरावर वडिलांचे कर्ज होते, 1887 मध्ये अबलाबाईंशी विवाह झाला होता, तरीही हा निश्चय ढळला नाही. अखेर सरकारने संपूर्ण वेतन मागील थकबाकीसह मान्य केले आणि त्यातून वडिलांचे कर्ज फिटले. मस्टरवर रोज सही करणाऱ्या आम्हा शिक्षकांना या तीन वर्षांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा त्यांना नव्हती. एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराच्या मदतीने त्यांनी उपकरणे घडवली. हर्ट्झने सिद्ध केलेल्या विद्युतलहरी लांबलचक होत्या. बसूंनी त्या काही मिलिमीटरपर्यंत आखूड केल्या. मुलांच्या डब्यांतील लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटरच्या होत्या, यावरून त्या कामाची कल्पना यावी. 1895 साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी आपला प्रयोग मांडला. लेफ्टनंट गव्हर्नर मॅकेंझी अध्यक्षस्थानी होते. लहरी भिंती भेदून आणि खुद्द अध्यक्षमहाशयांच्या देहातून पार होऊन सुमारे 75 फुटांवरील खोलीत पोहोचल्या. तेथे घंटा वाजली आणि दारूचा स्फोट झाला. मध्ये तार नव्हती. तीनच वर्षांनी अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी याच तत्त्वावर छोटी नौका दुरून चालवून दाखवली. मुलांचे विमान त्याच वंशातले.

या शोधाने त्यांना धनवान होता आले असते. 1901 मध्ये लंडनमध्ये एका उद्योजकाने भागीदारी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहावरून 1904 साली मिळालेले अमेरिकी पेटंटही त्यांनी लयास जाऊ दिले. हा निर्णय योग्य होता का, याविषयी माझ्या मनात आजही शंका आहे. बिनतारी संदेशाची कीर्ती मार्कोनीकडे गेली. बसूंच्या कार्याचा रीतसर गौरव आय-ट्रिपल-ई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने केला तो थेट 2012 साली.

पुढे ते वनस्पतींकडे वळले. रोपाची डोळ्यांना न दिसणारी वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी घडवले. 1901 मध्ये लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांच्या निष्कर्षांना कडाडून विरोध केला व निबंधाचे प्रकाशन रोखले गेले. 1920 साली त्याच रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. गंमत अशी, की विमान जसे पडद्यावर आपली हकिगत कळवते, तशीच मुक्या रोपाची हकिगत हे यंत्र काजळी धरलेल्या काचेवर उमटवी.

1917 मध्ये आपल्या वाढदिवशी त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर स्थापिले. फरीदपूरच्या शाळेतली भाषा त्यांनी कधी सोडली नाही; ‘अव्यक्त’ हा त्यांचा बंगाली लेखसंग्रह 1921 साली प्रसिद्ध झाला. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. एकोणऐंशी वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा सात दिवस उरले होते.